उजवं पान

सन १९६५ च्या दिवाळीनंतर लीलाबाई खांडगे यांनी आपल्या विद्यार्थिनींना पाठाच्या वहीचं उजवं पान कोरं सोडायला सांगितलं, तेव्हा त्याचं कारण कुणालाच कळलं नाही. लोणावळ्यातल्या त्या लहानशा अध्यापन विद्यालयात बावीस मुली प्राथमिक शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होत्या. आसपासच्या गावांतल्या शाळांत जाऊन त्या सराव पाठ घेत. पाठाआधी वहीत टाचण काढायचं. विषय काय, उद्देश काय, फळ्यावर काय लिहायचं, मुलांना कोणते प्रश्न विचारायचे, हे सगळं त्यात यायचं. लीलाबाईंनी सांगितलं की ते यापुढं फक्त डाव्या पानावर लिहा. उजव्या पानावर, पाठ झाल्यावर, त्याच दिवशी, आपण स्वतः काय शिकलो ते लिहा.

लीलाबाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून त्या शिकवत होत्या. त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत त्यांना एक जुनी विद्यार्थिनी भेटली होती. ती मोठ्या प्रेमानं म्हणाली, "बाई, मी अजून अगदी तुमच्यासारखंच शिकवते. एक शब्द इकडचा तिकडं नाही." ते ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण घरी येईपर्यंत ते वाक्य त्यांना टोचत राहिलं. बारा वर्षं ती मुलगी शिकवत होती आणि बारा वर्षांत तिला स्वतःचं काही सापडलं नव्हतं. मग आपल्याला तरी काय सापडलं, हा प्रश्न आला. उजव्या पानाची कल्पना त्यातून निघाली.

महिन्याभरात वह्या आल्या. लीलाबाईंनी एकेक उजवं पान वाचलं. पाठ चांगला झाला. मुलांनी उत्तम प्रतिसाद दिला. वेळ थोडा कमी पडला. चंपा नावाच्या मुलीनं लिहिलं होतं की खडू चांगल्या प्रतीचे वापरावेत. नावं झाकली असती तर बावीस वह्या एकीच्याच वाटल्या असत्या.

त्यांतली सगळ्यांत देखणी वही हिरा ओव्हाळची होती. हिरा देहूरोडची. तिचे वडील गोरख लष्करी गोदामात कामाला होते. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्या कुटुंबात मॅट्रिक झालेली ती पहिलीच. अक्षर छापल्यासारखं, टाचणात खाडाखोड नाही, पाठ ठरल्या मिनिटाला सुरू आणि ठरल्या मिनिटाला संपलेला. बोलायची मात्र फार कमी. इतर मुली डबा खाताना हसायच्या-खिदळायच्या, तेव्हा ही पुढच्या पाठाचे तक्ते रंगवत बसलेली असायची.

तिला सरावासाठी कुरवंड्याची शाळा मिळाली होती. लोणावळ्याहून नौदलाच्या कुंपणाच्या कडेनं चालत गेलं की तासाभरात गाव येतं. समोर नागफणीचा सुळका, खाली दरी. गावच्या मुलांबरोबर वरच्या ठाकरवाडीतली चारपाच मुलंही शाळेत यायची, कधी यायची, कधी नाही. हिराकडं दुसरीचा वर्ग होता.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी लीलाबाई तिचा पाठ बघायला गेल्या. थंडी होती आणि ऊन नुकतंच शाळेच्या व्हरांड्यात आलं होतं. दारापाशी आठेक वर्षांची एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. केस तांबूस, अंगावर आईच्या जुन्या चोळीचा झगा. तिच्यापुढं मुलांच्या दोनचार चपला आणि हिराच्या वहाणा ओळीनं लावलेल्या होत्या. लीलाबाईंनी आपल्या चपला काढल्या. मुलीनं त्या उचलून ओळीत ठेवल्या. लीलाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या आत गेल्या.

पाठ उसन्याच्या वजाबाकीचा होता. हिरानं चिंचोके आणले होते, दहादहाचे गठ्ठे करून फडक्यात बांधलेले. एकक कमी पडले की दशकाचा एक गठ्ठा सोडायचा. सगळी मुलं गप्प बसली होती, विचारलं की हात वर करत होती, उत्तरं बरोबर देत होती. पस्तिसाव्या मिनिटाला पाठ संपला. लीलाबाईंनी पन्नासपैकी चव्वेचाळीस गुण दिले. त्या वर्षातले सगळ्यांत जास्त. शेरा लिहिला, "वर्गनियंत्रण उत्कृष्ट." त्या बाहेर आल्या तेव्हा मुलगी तिथं नव्हती. चपला होत्या.

त्या संध्याकाळी हिरानं उजव्या पानावर लिहिलं, "पाठ अपेक्षेप्रमाणे झाला."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लीलाबाईंनी सगळ्या वह्या वर्गात परत दिल्या. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की चूक माझी आहे, मी तुम्हाला काय शिकलात ते विचारलं आणि तुम्ही पाठ कसा झाला ते सांगितलंत. आता असं करा, तुमच्या वर्गातलं एक मूल निवडा. त्याच्या जागेवर जाऊन बसा, मनानं. तिथून तुमचा एक तास बघा आणि जे दिसेल ते लिहा. छान लिहू नका, फक्त खरं लिहा.

कुणी तरी विचारलं की किती ओळी लिहायच्या. लीलाबाई म्हणाल्या, दिसेल तेवढ्या.

चार दिवसांनी वह्या पुन्हा गोळा झाल्या. दुपारी शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. लीलाबाईंनी पाचसहा वह्या वाचल्या. यावेळी काही पानं जिवंत होती. चंपानं लिहिलं होतं की शेवटच्या रांगेतून तिचा आवाजच ऐकू येत नसणार. लीलाबाईंना समाधान वाटलं. मग त्यांनी हिराची वही उघडली. अक्षर तसंच सुरेख होतं, पण दोन ठिकाणी शब्द खोडलेले होते.

"मी चिंगीच्या जागी बसून लिहायचं ठरवलं. पण चिंगीची जागा वर्गात नव्हती. ती दाराबाहेर होती. तिथं मी तिला बसवलं होतं.

"चिंगी वरच्या वाडीतली. ती मध्येच प्रश्न विचारते. पाठाच्या आदल्या आठवड्यात तिनं विचारलं, 'बाई, दशकाकडनं उसना घेतला, मग माघारी कवा द्यायचा?' मला उत्तर आलं नाही. मुलं हसली. माझा पाठ मागं पडला. मंगळवारी बाई येणार होत्या, म्हणून मी चिंगीला म्हणाले, तू बाहेर बस आणि चपला राख. ती 'व्हय बाई' म्हणाली. तिला वाटलं मी तिला मोठं काम दिलं. मग मी दार अर्धं लोटलं. तेव्हा तिनं वर बघितलं. मी फळ्याकडं वळले.

"बाई आल्या. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या आत आल्या.

"दाराबाहेरून फळा कसा दिसतो हे मला माहीत आहे. डावीकडचा दिसतो, उजवीकडचा दिसत नाही. आम्ही देहूरोडला येण्याआधी, पवन मावळातल्या आमच्या गावी मी दुसरीपर्यंत उंबऱ्याबाहेर बसत होते. गणिताची उत्तरं उजवीकडं असायची. ती मी ऐकून पाठ करायची. माझं पाठांतर चांगलं आहे असं सगळे म्हणतात, ते तिथून आलं. दार लोटताना मला हे आठवलं नाही असं नाही. आठवलं. तरी मी लोटलं. आमच्या गुरुजींचं कारण वेगळं होतं, माझं वेगळं. पण बाहेर बसलेल्याला कारण दिसत नाही.

"मला चव्वेचाळीस गुण मिळाले. चिंगी पाठाच्या दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलेली नाही. मी रोज तिच्या नावापुढं गैरहजर लिहिते.

"काय शिकले ते मला अजून कळलेलं नाही. काय केलं ते कळलं."

लीलाबाईंनी वही मिटली. त्यांना त्या मुलीचे तांबूस केस हाताला लागल्यासारखे वाटले. पुढच्या तासाची घंटा झाली तरी त्या जागच्या उठल्या नाहीत. शिपायानं दोनदा डोकावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिराला बोलावलं. काय बोलायचं हे त्यांनी ठरवलं होतं, पण हिरा समोर उभी राहिल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तिच्या घरी गेली होतीस?"

हिरा म्हणाली, "नाही. धीर झाला नाही."

"रविवारी जाऊ. मी येते."

रविवारी दोघी निघाल्या. कुरवंड्याच्या पुढं पायवाट चढत जाते. गवताची कापणी उरकली होती आणि रान पिवळं पडलं होतं. वाडी म्हणजे कुडाची दहाबारा घरं. चिंगीचा आजा, कोंडू, अंगणात दोर वळत बसला होता. त्यानं घोंगडी टाकली. दाराआडून एक तांबूस डोकं दिसलं आणि लगेच मागच्या बाजूला पळालं.

चिंगीची आई बाया गवताचा भारा उतरवून आली. हिरा उभी राहिली. ती म्हणाली की मी चिंगीची बाई, चूक माझ्याकडून झाली, ती सांगायला आले. मग काय झालं ते तिनं जसं होतं तसं सांगितलं. स्वतःला सावरून घेणारा एकही शब्द त्यात नव्हता.

बायानं सगळं ऐकून घेतलं. तिला राग आलेला दिसला नाही. पदरानं कपाळ पुसत ती म्हणाली, "मी तिला इचारलं, साळंत का जाईनास. ती म्हनली, बाईनी चपला राखाया बशिवलं. मी म्हनलं, मग राखायच्या, त्यात काय? तर म्हनती कशी, राखायाचंच आसलं तर हितं म्हशी हायत्या की. त्येला साळा कशाला?"

कोंडू दोर वळायचा थांबला होता. तो पुन्हा वळू लागला.

हिरानं विचारलं, "मावशी, ती परत येईल का?"

"आली तर येईल. मी वढून आननार न्हाई," बाया म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुमी येकटीनीच केलं का ह्ये? का ह्या बाईनी सांगितलं व्हतं?" असं म्हणताना तिनं लीलाबाईंकडं पाहिलं.

"नाही. मी एकटीनं," हिरा म्हणाली.

लीलाबाईंना त्या क्षणी बोलता आलं असतं. मीही तिला बघितलं होतं, मीही विचारलं नाही, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. शब्द तोंडापर्यंत आले. पण त्या निरीक्षक होत्या, बाई होत्या, आणि पंचवीस वर्षांची सवय होती. त्या गप्प राहिल्या. बायानं त्यांना ताक दिलं, ते त्या प्यायल्या. चिंगी शेवटपर्यंत पुढं आली नाही.

परतीच्या वाटेवर हिरा पुढं होती आणि लीलाबाई मागं. हिरानं त्यांना काही विचारलं नाही. त्यांना वाटत राहिलं की हिनं विचारावं.

फेब्रुवारीत वार्षिक परीक्षेची तयारी सुरू झाली. पाठाच्या वह्या बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना दाखवाव्या लागत. त्याआधी त्या प्राचार्यांनी नजरेखालून घालायच्या असा रिवाज होता. प्राचार्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी लीलाबाईंना बोलावलं तेव्हा हिराची वही टेबलावर उघडी होती.

त्या करड्या स्वरात बोलल्या नाहीत. हे पान काढून टाका आणि दुसरं लिहून घ्या, असं त्यांनी सांगितलं. विद्यालयाचं नाव खराब होईल हे त्यांनी आधी सांगितलं. पण नंतर जे सांगितलं ते लीलाबाईंना जास्त लागलं. चंपानं किंवा दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर लोक विसरले असते. हिच्याबाबतीत विसरणार नाहीत. नोकरीच्या वेळी, बदलीच्या वेळी, कुणी ना कुणी हे पान आठवेल आणि म्हणेल, बघा. ती मुलगी इथवर कशी आली हे तुम्हाला माहीत आहे.

"तुम्ही त्यांना खरं लिहायला सांगितलंत," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते कोण वाचणार, हे सांगितलं होतंत का?"

लीलाबाईंनी सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या मनातही आलं नव्हतं. खरं लिहायला शिकवणं म्हणजे फक्त लिहिणारीनं धीर करणं, असं त्या धरून चालल्या होत्या. त्या पानाचं पुढं काय होतं, ते कुणाच्या हातात जातं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे बघणं शिकवणारीचं काम होतं. ते त्यांनी केलं नव्हतं.

वर्ग सुटल्यावर त्यांनी हिराला थांबवून घेतलं. रिकाम्या वर्गात दोघी बाकावर बसल्या. लीलाबाईंनी मोठ्या बाईंचं म्हणणं काही न वगळता सांगितलं. मग म्हणाल्या की मला ते चुकीचं वाटत नाही. तुला पान काढायचं असेल तर काढ, माझ्या मनात तुझ्याविषयी काही कमी होणार नाही.

हिरानं वही आपल्या पुढ्यात घेतली. ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून मी लिहिलं, हे खरं. नसतं सांगितलंत तर मी आयुष्यभर लिहिलं नसतं. पण आता लिहून झालंय. ते न लिहिल्यासारखं कसं करायचं?"

"त्रास तुला होईल."

"होईल. पण पान काढलं तर काय राहतं? चव्वेचाळीस गुण राहतात आणि चिंगी गैरहजर राहते."

मग हिराच म्हणाली, "मला एकच वाटलं होतं. त्या दिवशी वाडीत तुम्ही काही तरी बोलाल असं वाटलं होतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. लीलाबाईंनी तिच्यापुढची वही ओढून घेतली. पेनाचं टोपण काढलं. हिराचा मजकूर संपत होता तिथं खाली चार बोटं जागा होती. त्यांनी लिहायला सुरुवात केली. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांच्याच चुकांवर शेरे लिहीत आल्या होत्या.

"या पाठाच्या दिवशी मी दाराबाहेर बसलेल्या मुलीला पाहिलं. ती वर्गात का नाही, हे मी विचारलं नाही. पाठ सुरळीत होणार, याचा मलाही आनंद होता. नंतर तिच्या आईसमोर मी गप्प बसले आणि सगळा दोष माझ्या विद्यार्थिनीवर जाऊ दिला. 'वर्गनियंत्रण उत्कृष्ट' हा शेरा मी मागे घेते. या पाठाचे गुण रद्द करावेत. जितकी चूक पाठ घेणारीची, तितकीच पाठ बघणारीची."

खाली त्यांनी पूर्ण सही केली आणि तारीख घातली. वही हिराकडं सरकवली. हिरानं वाचलं. शाई वाळेपर्यंत तिनं वही उघडीच ठेवली.

मोठ्या बाईंनी ते पान वाचलं आणि वही बाकीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवली. पान तसंच गेलं. परीक्षक पुण्याहून आले, वह्या चाळल्या, चहा घेतला. त्यांनी ते पान वाचलं की नाही हे कुणालाच कळलं नाही. हिराला त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. पण चव्वेचाळीस गुणांचा पाठ रद्द झाल्यानं तिला घाईघाईत दुसरा पाठ घ्यावा लागला आणि त्यात तिला एकतीस मिळाले. ती दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाली. देहूरोडजवळची शाळा तिला मिळाली असती, ती मिळाली नाही. आंदर मावळात आतल्या बाजूला एकशिक्षकी शाळा मिळाली. तिचे वडील भेटायला आले तेव्हा लीलाबाईंना वाटलं, ते जाब विचारतील. गोरख ओव्हाळांनी एवढंच विचारलं की तिकडं एसटी कुठवर जाते.

लीलाबाईंकडून पुढच्या वर्षीचं पाठनिरीक्षण काढून घेण्यात आलं. कारण सांगण्यात आलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

परीक्षा होईपर्यंत आणि नंतर मे महिन्यापर्यंत हिरा दर रविवारी वाडीवर जात राहिली. दोनदा लीलाबाईही गेल्या. त्यातल्या पहिल्या खेपेला त्यांनी बायाला सांगितलं की त्या दिवशी मी तुमच्यापुढं गप्प बसले, ते बरोबर केलं नाही. बायानं मान हलवली आणि हातातलं काम चालू ठेवलं. चिंगी चौथ्या रविवारी अंगणात आली. पाटीवर तिनं आधी म्हैस काढली, मग अक्षरं. शिकवायला वेळ थोडा होता.

जून उजाडला. विद्यालयात नवीन तुकडी आली. लीलाबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांना उजव्या पानाबद्दल सांगितलं, पण लिहायला लावण्याआधी हेही सांगितलं की ही पानं कोण कोण वाचतं, कशासाठी वाचतं. ज्यांना भीती वाटेल त्यांनी वेगळी वही करावी आणि ती घरी ठेवावी, ती मी मागणार नाही. मग त्यांनी हिराची परवानगी घेऊन उतरवून ठेवलेला तो मजकूर काढला. हिराचा भाग वाचला नाही. फक्त आपला भाग वाचला, सहीपर्यंत.

मुली खाली बघत होत्या. आपल्या बाई असं काही लिहितील आणि वर ते वाचून दाखवतील, हे त्यांना नवीन होतं. शेवटी मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, "बाई, त्या मुलीचं पुढं काय झालं?"

लीलाबाईंना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. कुरवंड्याच्या शाळेचे सोपान गुरुजी आदल्याच आठवड्यात बाजारात भेटले होते. या जूनमध्ये वरच्या वाडीतल्या तीन नवीन मुली शाळेत आल्या आहेत. त्यांतली एक चिंगीची धाकटी बहीण. चिंगी तिला सकाळी गावाच्या वेशीपर्यंत सोडायला येते आणि म्हशी घेऊन तिथूनच रानाकडं वळते. तिला स्वतःचं नाव लिहिता येतं, आईचंही. शाळेत ती आलेली नाही.

त्या तासाला कुणी काही लिहिलं नाही. लीलाबाईंनीही कुणाला लिहायला सांगितलं नाही.